पाच घरं उडालेला राजा

मी बुद्धिबळाच्या एका ॲपसाठी काम करतो असं सांगितलं की लोक आधी विचारतात, म्हणजे तू जबरदस्त खेळत असशील? मी म्हणतो, नाही. मग ते विचारतात, मग तिथे करतोस काय? याचं खरं उत्तर द्यायला बसलो तर समोरचा चहा संपवून उठून जातो. म्हणून मी म्हणतो, सोंगट्या पुसतो. लोक हसतात आणि विषय संपतो.

ऑफिस इंदूरच्या मल्हारगंजात, एका कापडाच्या दुकानावर. माझ्याबरोबर शिकलेली मंडळी विजयनगरच्या काचेच्या इमारतींत बसतात आणि त्यांच्याकडे लिफ्टमध्ये आरसे आहेत. आमच्याकडे जिना आहे, आणि त्या जिन्यात दुकानदाराच्या कापडाच्या गाठी ठेवलेल्या असतात. सकाळी गल्लीत स्कूटर लावायला जागा मिळाली की मला वाटतं आजचा दिवस बरा जाणार, आणि वर गेल्यावर ते खोटं ठरतं. पण ज्या कामापायी माझं डोकं फिरायची वेळ आली ते ऑफिसातून आलंच नव्हतं. ते घरून आलं, माझ्या बाबांकडून.

बाबा बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सकाळी लालबागला चक्कर, दुपारी जेवण, आणि तीन वाजता बुद्धिबळ. समोर मोठेबाबा. समोर म्हणजे नागपुरात, फोनवर. मोठेबाबा हे बाबांचे थोरले भाऊ. आजोबा फौजेत होते, त्यामुळे दोघं भाऊ महूला वाढले आणि खेळ दोघांना आजोबांनीच शिकवला. पुढे मोठेबाबा नोकरीला नागपूरला गेले ते तिथलेच झाले. आमचं ॲप सुरू झालं तेव्हा मीच हौसेने दोघांच्या फोनवर टाकून दिलं होतं. तेव्हापासून रोज तीनला डाव. सण असो, ताप असो, घरी पाहुणे असोत.

यातली गोम अशी, की हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

मोठेबाबांनी नागपूरच्या घरावर मजला चढवला तो बाबांसाठी. म्हातारपणी दोघा भावांनी वर-खाली राहायचं असं ठरलेलं होतं. म्हणजे मोठेबाबांचं ठरलेलं होतं, बाबांनी मान डोलावली होती. मोठेबाबांसमोर सगळेच मान डोलावतात. मजला झाला, रंग लागला, बाबांसाठी दक्षिणेच्या खिडकीला जाळीही बसली. आणि तेव्हा बाबा म्हणाले की मी इंदूर सोडत नाही, पोराची नोकरी इथे आहे. मोठेबाबा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, दोन दिवसांत मिटलं असतं. ते एवढंच म्हणाले की राहा मग पोराच्या मागे, आणि फोन ठेवला. तो ठेवला तो ठेवलाच. लग्नाकार्याचे निरोप मोठेबाबांची बायको, मोठी आई, माझ्या आईला देते, आई बाबांना सांगते, बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करतात. पण तीनचा डाव चुकला नाही. फोन ठेवला त्याच्या दुसऱ्या दिवशीही बरोबर तीन वाजता मोठेबाबांच्या नावापुढचा हिरवा ठिपका लागला आणि बाबांनी प्यादं पुढे केलं.

मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. दोन शिकलेली, सत्तरी ओलांडलेली माणसं. एकमेकांचा घोडा मारतील, वजीर मारतील, पण बरा आहेस का म्हणून विचारणार नाहीत. मी किती वेळा म्हटलं, बाबा, उचला फोन आणि बोला ना. ते म्हणायचे, काय बोलू?

डाव बाबा हरायचे. नेहमी. मोठेबाबा पाठांतराचे पक्के. सुरुवातीच्या चालींची पुस्तकंच्या पुस्तकं त्यांनी तोंडपाठ केलेली. पहिल्या दहा-बारा चाली ते असे फटाफट खेळतात की त्यांचं घड्याळ हलतच नाही. तोवर बाबा कुठेतरी अडकलेले असतात, मग एक उंट जातो, मग सगळंच जातं. तीनला सुरू झालेला डाव साडेतीनच्या आत खलास. हिरवा ठिपका विझतो. बाबा चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. संध्याकाळ व्हायला अजून पुष्कळ अवकाश असतो.

एका हिवाळ्यात बाबांनी वर्तमानपत्रात वाचलं, की बुद्धिबळाचा एक प्रकार आहे ज्यात मागची रांग दर डावाला नव्याने पिसतात. प्यादी जागच्या जागी, पण मागे हत्ती, घोडे, उंट, वजीर, राजा कुठेही. दोन्ही बाजूंना तीच रांग. बंधनं दोनच. दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत हवेत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये हवा. बाकी नशीब. म्हणजे पाठ केलेलं सगळं पाण्यात, पहिल्या चालीपासून डोकं चालवायचं. मी दात घासत होतो तेव्हा बाबा पेपर घेऊन मोरीपाशी आले आणि विचारलं, हे तुमच्यात आहे का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, का नाही? तोंडात फेस असल्यामुळे मी वाचलो.

पण बाबा एकदा मागे लागले की लागले. जेवताना तेच, बाजारात तेच. सियागंजला मी त्यांच्याबरोबर धने आणि सुकं खोबरं घ्यायला गेलो होतो, तर त्या हमालांच्या गर्दीत ते मला समजावत होते की हे तुम्ही का केलं पाहिजे. शेवटी मी ऑफिसात विषय काढला. आमचे बॉस पक्के इंदोरी, वयाने माझ्याहून लहान, आणि पोह्यांपासून प्रोजेक्टपर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत तयार असतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “भिया, अपने लोग सीधी शतरंज तो पूरी खेलते नहीं, आप टेढ़ी ले आए.” सगळे हसले. मीही हसलो, कारण नोकरी आहे. मग ते म्हणाले की करायचं तर करा, पण आपलं रोजचं काम सांभाळून. म्हणजे फुकटात आणि स्वतःच्या रविवारी.

मला वाटलं होतं, आठवड्याचं काम. सोंगट्या पिसणं खरंच सोपं आहे, ते एका संध्याकाळी झालं. मला खाल्लं ते कॅसलिंगने.

ज्याला खेळ येत नाही त्याच्यासाठी सांगतो. कॅसलिंग ही एकच चाल अशी आहे जिच्यात राजा आणि हत्ती एकदम हलतात. राजा दोन घरं बाजूला सरकतो, हत्ती त्याच्यावरून पलीकडे येऊन बसतो. राजाला आडोसा मिळतो. साध्या खेळात यात काही भानगड नाही, कारण राजा कायम मधल्या त्याच घरात असतो. पण इथे राजा कुठेही असू शकतो, आणि नियम मात्र म्हणतो की कॅसलिंगनंतर दोघांनी जिथे नेहमी बसतात तिथेच बसायचं. मग कधी राजा एकच घर हलतो. कधी हलतच नाही, नुसता हत्ती उडी मारतो. कधी दोघं जागा बदलतात. आता माणसाने राजाला बोट लावून शेजारच्या घरात नेलं, तर त्याला राजा नुसता सरकवायचाय की कॅसलिंग करायचंय, हे मशीनने ओळखायचं कसं? मी एक उपाय केला की दुसरीकडे बिघडायचं. एकदा राजा हत्तीच्या घरात जाऊन बसला आणि हत्ती पटावरून गायबच झाला. एकदा दोन राजे झाले. कॅसलिंगचे हवे ते डाव तपासता यावेत म्हणून सोंगट्या हाताने मांडायची एक सोय मी त्यात केली, तर तीही आधी दोन दिवस बिघडून बसली.

आणि घरी बाबा. झालं का? रोज संध्याकाळी मी हेल्मेट काढायच्या आत, झालं का? मी म्हणायचो, होतंय. ते म्हणायचे, तू तर पिसणं झालं म्हणाला होतास. एक दिवस माझा तोल गेला. मी म्हटलं, बाबा, एका डावात एकदा जिंकायचंय म्हणून माझे सगळे रविवार खाताय तुम्ही. बाबा आत गेले. आई भाजी निवडत होती. तिने मान वर न करता म्हटलं, “जिंकायचं नाहीये त्यांना. तुझे मोठेबाबा पंचवीस मिनिटांत हरवून निघून जातात. त्यांना विचार करायला लागला तर तेवढा वेळ तरी बसतील, एवढंच आहे ते.”

खरं सांगतो, मला रागच आला. एवढी साधी गोष्ट हे बाबा फोन उचलून सांगत नाहीत आणि त्यासाठी मी हत्तीला राजावरून उड्या मारायला शिकवतोय. पण त्यानंतर मी तक्रार केली नाही.

उन्हाळा संपता संपता ते काम झालं. शेवटी उपाय अगदी बावळट निघाला. कॅसलिंग करायचं असेल तर आधी राजाला बोट लावायचं, मग आपल्याच हत्तीला. बस. मी नियमांचं एक पान लिहिलं, हिंदीत आणि इंग्रजीत, चित्रांसकट. पहिल्याच दिवशी बाबांनी मोठेबाबांना नव्या प्रकारचं आव्हान पाठवलं. ठिपका हिरवा होता. बराच वेळ काही झालं नाही. मग मोठेबाबांनी ते स्वीकारलं.

तो डाव साडेपाचपर्यंत चालला. मोठेबाबांना पहिल्या चालीलाच कितीतरी मिनिटं लागली, आणि बाबा घड्याळाकडे असं बघत होते जसं कोणी त्यांना पेढे वाटतंय. चहा निवला तो त्यांनी निवलेलाच प्यायला. ते हरले, पण हरायला अडीच तास लागले. पुढचे काही आठवडे आमच्या घरात मोठं सुख होतं. आई तीनच्या आधीच सगळ्यांची कामं उरकून घ्यायची. बाबा कधी जिंकायचे, जास्त करून हरायचे, आणि दोन्ही वेळा रात्री जास्त जेवायचे. मीही जरा शेफारलो होतो. ऑफिसातही बॉस म्हणाले, चल गया भिया आपका टेढ़ा. कॉलेजच्या पोरांना ते आवडलं होतं.

आणि मग राजा उडाला.

त्या डावात मागची रांग अशी आली होती की बाबांचा राजा डावीकडे, कोपऱ्याच्या शेजारच्या घरात. एक हत्ती त्याच्याजवळ, दुसरा पार उजव्या टोकाला. मोठेबाबांनी तासभर खपून आपला वजीर, हत्ती, घोडा, सगळी फौज त्या डाव्या कोपऱ्यावर आणली. पुढच्या चालीला शह आणि मग संपलंच, असं स्पष्ट दिसत होतं. मी त्या दिवशी घरी होतो, बाबांच्या खांद्यावरून बघत होतो. बाबांच्या राजाच्या आणि उजव्या हत्तीच्या मधली घरं तोवर रिकामी झालेली. बाबांनी राजाला बोट लावलं, मग त्या टोकाच्या हत्तीला. राजा पाच घरं ओलांडून पार पलीकडे जाऊन बसला, हत्ती त्याच्या शेजारी आला. मोठेबाबांची सगळी फौज रिकाम्या कोपऱ्यासमोर उभी राहिली. चाल शंभर टक्के नियमातली. बाबा हसले. मी टाळी दिली. कसला मूर्ख मी.

मोठेबाबांच्या घड्याळात भरपूर वेळ होता. ते खेळले नाहीत. डाव सोडला, आणि ठिपका विझला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या आईचा आईला फोन आला. निरोप असा, की यांनी सांगितलंय, राजा पाच घरं उडतो असं आम्ही महूलाही पाहिलं नाही आणि नागपुरातही पाहिलं नाही. मशीन पोराची, सोंगट्या पोरगाच मांडणार, आणि बापाला पाहिजे तेव्हा राजा उडवणार. आता आम्हाला बोलावू नका. आईने हे सगळं बाबांना जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. बाबांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय सोंगट्या मांडतो? तिथे अशी व्यवस्था आहे की मला हवं असलं तरी पिसलेल्या डावाची रांग मी ठरवू शकत नाही. नियमांचं पान ठळक दिलेलं आहे. पण मोठेबाबा ते का वाचतील? बुद्धिबळाचे नियम त्यांना लहानपणापासून पाठ. मी त्यांना व्हॉट्सॲपवर ते पान पाठवलं. मग त्या डावाच्या पटाचा फोटो पाठवला, बाण काढून. मग एक लांबलचक मेसेज लिहिला. तिन्हीवर निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

बाबा तीनला फोन घेऊन बसायचे. ठिपका लागायचा नाही. ते कोणा अनोळखी माणसाशी खेळायचे नाहीत, तसेच बसून राहायचे. एकदा मी म्हटलं, मी खेळू का तुमच्याशी? ते म्हणाले, नको, तुला काम असेल. लालबागची चक्करही बंद झाली. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर वाढलंय, काही टेन्शन आहे का? बाबा म्हणाले, छे. आणि त्या संध्याकाळी मला म्हणाले, “तो प्रकार काढून टाक. नसेलच तर दादाला कळेल की आता लबाडी करायला जागा नाही.”

ज्या कामासाठी मी अर्धं वर्ष डोकं फोडलं, ते काढून टाक. आणि गंमत बघा, मी खरंच बॉसकडे गेलो. म्हटलं, हे काढू या का? बॉस माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, पागल हो गए क्या भिया, कॉलेजवाले दिनभर वही खेल रहे हैं. घालताना नको होतं, आता काढायचं म्हणतो तर तेही नको. मी घरी येऊन बाबांना सांगितलं की निघत नाही. ते म्हणाले, बरं. मी चिडून म्हटलं, बरं काय, मोठेबाबांनी चोर ठरवलंय आपल्याला, आणि तुम्ही बरं म्हणताय. ते पुन्हा म्हणाले, बरं. त्यांचा आवाज इतका बारीक होता की मी भांडण सोडून दिलं.

रविवारी मीच फोन लावला. बाबा समोरच्या खुर्चीत होते, आई दारात. मी मुद्दाम स्पीकर चालू ठेवला, म्हटलं होऊ दे एकदाचं सगळ्यांसमोर. मोठेबाबांनी उचलला. मी म्हटलं, जय भीम मोठेबाबा. ते जय भीम म्हणाले, आणि मग, काहून फोन केला? मी चालू झालो. सगळं सांगितलं, की ती रांग मशीन स्वतः पिसते, आधीपासून काही ठरलेलं नसतं, राजाची ती चाल जगभर मान्य आहे, सगळीकडे असंच आहे. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, “पिसते कोण?”

“मशीन.”

“मशीनला सांगते कोण?”

“मीच,” मी म्हटलं. “पण मोठेबाबा—”

“मग झालं,” मोठेबाबा म्हणाले. “तुझ्या बापाने एकदा तुझ्यासाठी डाव मोडला होता. आता तू बापासाठी मांडतोस. चांगलं आहे. पोरगा असाच असावा. पण मला मध्ये घेऊ नका.”

मला रडू येण्याइतका संताप आला होता. एका रिकाम्या मजल्याचा हिशोब हा माणूस माझ्या सोंगट्यांत करत होता, आणि त्याला हरवता येईल असं एकही कलम माझ्या नियमांच्या पानात नव्हतं. मी फोन बंद करणार, एवढ्यात बाबा उठले. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला नाही, फक्त खाली वाकले आणि त्यात बोलले.

“दादा,” ते म्हणाले, “तूच मांड. तू सांगशील तशी रांग लावतो. उंट एका रंगात ठेव, राजा कोपऱ्यात ठेव, काहीही ठेव. मी खेळतो.”

मला वाटलं फोन कट झाला, मी बघितलं, चालू होता. नागपूरचा पंखा ऐकू येत होता. आई दाराची चौकट धरून उभी होती. मी आधी चिडलो, की असं नसतं हो बाबा, नियम असतात. मग मला तपासणीसाठी केलेली माझी ती हाताने मांडायची सोय आठवली. मी बाबांचा फोन घेऊन रिकामा पट उघडला आणि बोट वर धरून बसलो.

“हत्ती,” मोठेबाबा म्हणाले.

मी कोपऱ्यात हत्ती ठेवला. “ठेवला, दादा,” बाबा म्हणाले.

“घोडा.”

“ठेवला.”

“उंट.”

माझं बोट थांबलं. मला कळलं होतं. आई खेळत नाही, पण आयुष्यभर पट बघितलाय तिने, तिलाही कळलं असावं. मी बाबांकडे बघून तोंड उघडलं, की अहो हा तर आपला नेहमीचाच पट, बटण एक दाबलं की येतो, सांगत कशाला बसायचं. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. डोळ्यांनीच म्हणाले, गप.

“ठेवला,” बाबा म्हणाले.

“वजीर,” मोठेबाबा म्हणाले. “राजा. त्याच्या शेजारीच.”

“ठेवला, दादा.”

मग दुसरा उंट, दुसरा घोडा. प्रत्येकाला बाबा ठेवला म्हणाले आणि प्रत्येकाला मी थांबलो, कारण पलीकडून पुढचा शब्द यायला वेळ लागत होता. शेवटचा हत्ती सांगून झाल्यावर मी सगळी प्यादी लावली. समोरची बाजू लावली. महूच्या ओट्यावर आजोबांनी मांडला असेल तोच पट, जो मी अर्धं वर्ष खपून मोडून दाखवला होता.

“पोराने नीट मांडलं का?” मोठेबाबांनी विचारलं.

“नीट मांडलं,” बाबा म्हणाले. “तुझ्यासमोरच मांडलं, दादा.”

मी तो पट आव्हान म्हणून नागपूरला पाठवला. त्या डावात मोठेबाबांनी पहिल्या चाली फटाफट खेळल्या नाहीत. प्रत्येक चालीला थांबले, आणि मधल्या वेळात विचारलं की वरच्या मजल्याच्या खिडकीची जाळी फाटलीय, कबुतरं घुसतात, काय करायचं. बाबा म्हणाले, आल्यावर बघू. डाव बाबा हरले. फोन तरीही चालूच होता.